तिरकिट आणि खांदा

अंबाजोगाईत चाळिशीनंतर मी तबला शिकू लागलो, तेव्हा माझी बोटे एकाच जागी अडत असत. ठाय म्हणजे संथ लयीत स्वच्छ निघणारे ‘तिरकिट’ हे बोल चौगुनीत, म्हणजे चौपट वेगात, गेले की मधल्या बोटाचा ‘ति’ आणि तर्जनीचा ‘र’ एकमेकांत मिसळत, आणि मी तासन्‌तास बोटांवरच मेहनत घेत असे. एके संध्याकाळी गुरुजींनी मी वाजवत असताना माझ्या उजव्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि म्हणाले, “बोटांचं राहू द्या, आधी खांदा कुठंय ते बघा.” खांदा वर चढलेला होता, श्वास कोंडलेला होता आणि मला दोन्हींचा पत्ता नव्हता.

बोटे वाकवणारे आणि सरळ करणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. खांद्यापासून हात आवळला गेला की हे दोन्ही गट एकाच वेळी ताठ होतात आणि बोटाला स्वतःच्याच हाताच्या विरोधात हलावे लागते. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळते, त्या जाणिवेला ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये ‘प्रोप्रियोसेप्शन’ हे नाव दिले. इंग्लंडमधील इयान वॉटरमन यांची ही जाण १९७१ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, आजारपणात मानेखाली पूर्ण गेली. स्नायूंत बळ होते, तरीही प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून त्यांना नव्याने शिकावी लागली.

तेव्हापासून रियाजापूर्वी दहा मिनिटे मी शवासनात पडून खांदा, कोपर, मनगट आणि बोटांची टोके यांवरून सावकाश लक्ष फिरवतो. मग डोळे मिटून अंगठा एकेका बोटाला टेकवतो. आईला भाकरी थापताना मी नव्या नजरेने पाहिले, ते याच काळात. ती बोलत असते, नजर चुलीवर असते, आणि तरीही कडेला आल्यावर तळहाताचा दाब आपोआप हलका होऊन ज्वारीची भाकरी न फाटता परातीत गोल फिरत राहते. तिच्या खांद्याला हात लावून पाहिला, तर तो अगदी सैल होता.

नुसत्या जाणिवेने हात तयार होत नाही, त्याला रियाजच लागतो; पण कुठला ताण नको आहे, हे जाणिवेमुळे कळते. मात्र जलद लयीत बोटांवर लक्ष ठेवले की बोल पुन्हा अडखळतात. हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासक गॅब्रिएले वुल्फ यांच्या प्रयोगांतही अवयवापेक्षा हालचालीच्या परिणामावर लक्ष ठेवणाऱ्यांची कामगिरी बहुधा सरस ठरली आहे. म्हणून शरीराकडे पाहणे मी ठाय लयीपुरते ठेवले असून चौगुनीत फक्त नाद ऐकतो. ‘र’ पुसट झाला की थांबतो, श्वास सोडतो, खांदा खाली आणतो आणि पुन्हा ठाय लयीपासून सुरुवात करतो.