ह्यूस्टनला आलात तर: दोन राज्यांचा गव्हर्नर आणि एक न घेतलेली शपथ

ह्यूस्टनला मुलांकडे आलेल्या आईवडिलांना आधी नासाचं स्पेस सेंटर दाखवतात, मग मंदिर. नंतर कधीतरी डॅलसकडे जाताना हंट्सव्हिल गावापाशी झाडीच्या वर एक पांढराशुभ्र पुतळा दिसतो. हातात काठी, उंची ६७ फूट, शिवाय खाली १० फुटांचा चौथरा. ‘हा सॅम ह्यूस्टन, याच्याच नावाचं आपलं शहर’ एवढं सांगून गाडी पुढे जाते.

शहर मात्र त्याने वसवलेलं नाही. १८३६ साली ॲलन बंधूंनी बफेलो बायू या ओढ्याच्या काठची दलदल विकायला काढली आणि गिऱ्हाईक यावं म्हणून ताज्या विजयी सेनापतीचं नाव तिला दिलं. आपल्याकडच्या बिल्डर मंडळींना ही युक्ती नवी वाटणार नाही.

एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडलेला असतो, त्यामुळे कामाने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. दोन वेगवेगळ्या राज्यांनी गव्हर्नर म्हणून निवडून दिलेला अमेरिकेच्या इतिहासातला एकमेव माणूस म्हणजे ह्यूस्टन. आधी टेनेसी, मग टेक्सस. दोन्ही ठिकाणी मुदत अर्धवट राहिली.

जन्म २ मार्च १७९३, व्हर्जिनिया. वडील गेल्यावर आई मुलांना घेऊन टेनेसीत आली. सोळाव्या वर्षी हा घरातून पळाला आणि चेरोकी या आदिवासी लोकांत जवळपास तीन वर्षं राहिला. प्रमुख ऊलूटेकाने त्याला मुलासारखं वागवलं, कॉलोने, म्हणजे डोमकावळा, असं नाव दिलं. १८१४ च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत मांडीत बाण आणि उजव्या खांद्यात गोळ्या लागल्या. ते दुखणं जन्मभर पुरलं, पण सेनापती अँड्र्यू जॅक्सनची मर्जी बसली. पुढे वकिली, काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) आणि १८२७ मध्ये टेनेसीचं गव्हर्नरपद. जानेवारी १८२९ मध्ये लग्न झालं, अकरा आठवड्यांत बायको माहेरी गेली आणि एप्रिलमध्ये याने राजीनामा दिला. कारण दोघांनीही कधी उघड सांगितलं नाही. तो पुन्हा चेरोकींकडे गेला आणि इतका प्यायला लागला की तिथे त्याला ‘मोठा दारुड्या’ म्हणत. १८३२ मध्ये वॉशिंग्टनच्या रस्त्यावर त्याने एका खासदाराला काठीने झोडपलं. सभागृहात खटला चालला, वकील होता अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की. त्याच वर्षाच्या शेवटी ह्यूस्टनने टेक्ससची वाट धरली.

टेक्सस तेव्हा मेक्सिकोत होतं. २ मार्च १८३६ ला, ह्यूस्टनच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशीच, तिथल्या वसाहतवाल्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. चार दिवसांनी त्यांची अलामोची गढी पडली. पाहुणे अलामो आणि सॅन हसिंटो यांत हमखास घोळ करतात. अलामो म्हणजे सॅन अँटोनियोतली हार, तिथे ह्यूस्टन नव्हता. सॅन हसिंटो म्हणजे ह्यूस्टन शहराच्या पूर्वेची जीत, तारीख २१ एप्रिल. ह्यूस्टन आठवडेच्या आठवडे मागे हटत राहिला, त्याचेच शिपाई त्याला भित्रा म्हणू लागले. त्या दिवशी मात्र मेक्सिकोची कुमक रात्रभर चालून थकून आली होती, छावणी दुपारी विसावली होती आणि पुरेसे पहारेकरी नव्हते. साधारण ९०० टेक्ससवाल्यांनी सुमारे १,३०० जणांची फळी १८ मिनिटांत मोडली. कत्तल त्यानंतरही बराच वेळ चालली. पाणथळीत पळणाऱ्यांनाही गोळ्या घातल्या. मेक्सिकोचे सहाशेवर मेले, टेक्ससचे नऊ. दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा सेनापती सांता ॲना पकडला गेला. अलामोच्या सुडासाठी त्याला फासावर द्या म्हणून ओरड चालली होती. ह्यूस्टनने त्याला जिवंत ठेवलं, कारण बाकीचं मेक्सिकन सैन्य मागे वळवायला त्याचाच हुकूम लागणार होता.

मग टेक्सस प्रजासत्ताकाचा तो दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला. चेरोकींशी त्याने केलेला जमिनीचा करार टेक्ससच्या सिनेटने नाकारला. १८३९ मध्ये पुढच्या अध्यक्षाच्या फौजेने त्यांना हुसकावलं. त्या लढाईत म्हातारा प्रमुख बोल्स मारला गेला, तेव्हा त्याच्याजवळ ह्यूस्टनने दिलेली तलवार होती.

त्याच्या आयुष्यातला खरा पेच मात्र टेक्सस अमेरिकेत सामील झाल्यावर, अमेरिकेच्या सिनेटमध्ये आहे. तिथे तो १८४६ ते १८५९ असा तेरा वर्षं होता. बिबट्याच्या कातड्याचं जाकीट घालायचा, भाषणं चालू असताना चाकूने लाकूड तासत बसायचा. त्या काळी सिनेटर लोक निवडत नसत, राज्याचं विधिमंडळ निवडायचं, आपल्या राज्यसभेसारखं. (ही पद्धत १९१३ मध्ये बदलली.) त्यामुळे टेक्ससची राजधानी ऑस्टिनमधले आमदार रुसले की खेळ संपला. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का विधेयक आलं, नव्या प्रदेशांत गुलामगिरीला दार उघडणारं. दक्षिणेच्या डेमोक्रॅट सिनेटरांत त्याने एकट्याने विरोधात मत दिलं. यामुळे देश फुटेल, हा त्याचा हिशेब. तो गुलामगिरीविरोधी नव्हता, त्याच्या घरी गुलाम होते. त्याला देश एकसंध हवा होता. विधिमंडळाने त्याचा निषेध केला आणि १८५७ मध्येच, मुदतीला वर्षाहून जास्त काळ बाकी असताना, त्याच्या जागी येणारा सिनेटर निवडून टाकला. त्याच वर्षी गव्हर्नरपदाची निवडणूकही तो हरला. १८५९ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याला पाडून तो गव्हर्नर झाला.

फेब्रुवारी १८६१ मध्ये टेक्ससने अमेरिकेतून फुटून निघायचा कौल दिला. १६ मार्चला नव्या कॉन्फेडरसीशी, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाशी, निष्ठेची शपथ सगळ्या अधिकाऱ्यांनी घ्यायची होती. ह्यूस्टनने घेतली नाही. खुर्ची रिकामी जाहीर झाली. फौज पाठवून त्याला पदावर टिकवायची लिंकनची तयारी होती, पण टेक्ससमध्ये रक्त सांडायला नको म्हणून ह्यूस्टनने ती मदत नाकारली. त्याचा थोरला मुलगा मात्र कॉन्फेडरेट सैन्यात गेला, शायलोच्या लढाईत जखमी झाला आणि कैदही झाला.

हंट्सव्हिल ह्यूस्टनपासून उत्तरेला सुमारे ११० किलोमीटर. नुसता पुतळा बघून परतू नका. गावातल्या त्याच्या संग्रहालयाच्या आवारात स्टीमबोट हाऊस आहे, बोटीसारखं दिसणारं, भाड्याने घेतलेलं घर. मूळ जागेवरून ते इथे हलवलं. २६ जुलै १८६३ ला न्यूमोनियाने सॅम ह्यूस्टन त्या घरात गेला. कबर जवळच्या ओकवुड दफनभूमीत आहे. त्याच दफनभूमीत जोशुआ ह्यूस्टन आहे, सॅमच्या घरचा गुलाम आणि लोहार. स्वातंत्र्य मिळाल्यावर तो याच वॉकर काउंटीचा कमिशनर म्हणून निवडून आला.