भाकर, बेरियम आणि दहा मिलीची सिरिंज

उदगीरकडं आमच्या गावात अजून असंच सांगतात, की पोरगी अमेरिकेत गोऱ्यांच्या लेकरांना बोलायला शिकवायला गेलीय. आत्यानं तर फोनवर सरळच विचारलं, "अगं, त्यांची भाषा त्यांनाच तू शिकवणार?" प्रश्न रास्त आहे. ओहायोत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या, म्हणजे बोलण्या-गिळण्याच्या अडचणींवरच्या उपचारांच्या, मास्टर्सचं पहिलं वर्ष संपत आलंय, आणि डोक्यात बोलण्यापेक्षा गिळणंच जास्त बसलंय.

इथलं प्रमाणपत्र हवं तर ४०० तासांचं क्लिनिकल काम दाखवावं लागतं. २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष पेशंटसोबतचे. त्यानंतर प्रॅक्सिस नावाची या विषयाची परीक्षा आणि किमान ३६ आठवड्यांची फेलोशिप, म्हणजे जाणत्याच्या देखरेखीखाली काम. पेशंट आला नाही तर तास बुडाला, आणि रिपोर्ट लिहिण्यात गेलेल्या रात्री कुणी धरत नाही. असो, ही रड सगळ्याच वर्गाची आहे.

खरी गोम एक्स-रेच्या खोलीत कळली. पेशंटला बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेलं पाणी, मग घट्ट पेय, मग बेरियम लावलेलं बिस्कीट देतात आणि समोर पडद्यावर घास खाली उतरताना दिसतो. घशातून अन्ननलिकेत जायला त्याला सेकंदभर लागतो. तेवढ्यात श्वासनलिकेचं दार बंद झालं नाही, तर काळी रेघ भलत्याच वाटेनं फुप्फुसाकडं जाते. स्ट्रोकच्या कितीतरी पेशंटना अशा वेळी ठसकाच लागत नाही. माणूस शांत बसलेला, आणि पडद्यावर पाणी चुकीच्या नळीत. आपण ठसक्याला घाबरतो. या खोलीत ठसका आला की बरं वाटतं.

शिवाय ठसका लागला की "वर बघ, वर बघ" म्हणायची आपली रीत! इथं काही पेशंटना उलट सांगतात, हनुवटी छातीकडं घे आणि मग गिळ. तेही सगळ्यांना नाही. फिल्म बघून ठरतं.

पातळ-घट्ट मोजायला आंतरराष्ट्रीय पायऱ्या आहेत, ० ते ७. पेयांची चाचणी साधी: ठरलेल्या मापाच्या दहा मिलीच्या सिरिंजचं तोंड खालून बोटानं दाबून ती भरायची, बोट काढायचं आणि दहा सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर पायरी ०, म्हणजे पाणी. चार ते आठ उरलं तर पायरी २. वर्गात हे बाजारातल्या घट्ट करायच्या पावडरीवर केलं. घरी आल्यावर मी ओट्यावर ताक, वरण आणि ज्वारीची आंबील मांडली. ताक सरळ खाली गेलं. आंबील गरम असताना वाहिली, निवल्यावर सिरिंजमध्येच अडून बसली. रूममेट दारात उभी राहून बघत होती, तिला काय सांगणार!

हे सुचलं अण्णांमुळं. माझे चुलते, लकवा झाल्यापासून काकू त्यांना दुधात भाकर कुस्करून देते. मऊ म्हणून सोपं, असं आपल्याला वाटतं. पण पातळ दूध आणि तुकडे एकाच घासात आले की तोंडाला दोन कामं पडतात: तुकडे चावायचे आणि तोवर दूध धरून ठेवायचं. कमजोर जिभेला ते जमत नाही, दूध आधीच निसटतं. मी फोनवरून औषधपाणी सांगत नाही. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का आणि ताप पुन्हा पुन्हा येतो का, एवढं बघायला सांगितलं आणि डॉक्टरांना तसंच सांगा म्हटलं.

काकू म्हणाली, "तुझं सगळं खरं, पर भाकरीबिगर त्यांचं पोट भरल्यागत वाटत नाही."

मग भाकरीवरच आले. ज्वारीचं पीठ इथल्या भारतीय दुकानात मिळतं. भाकर वरणात भिजवून मिक्सरला लावली तर चिकट गोळा झाला. चमचा तिरका केला तरी सुटेना, आणि चिकट घास घशाला नकोच. जास्त वरण आणि तूप घालून फिरवल्यावर चमच्यावरून अख्खा घास सुटून पडला. पुढच्या आठवड्यात सुपरवायझरला दाखवायला डबा नेतेय. मीठ मात्र काकूच्या अंदाजानं घातलंय.