ॲम्प पलीकडच्या खोलीत ठेवायचा, तर भिंतीतून काय न्यायचं?

गिटार आणि ॲम्पमध्ये पंधरा मीटर केबल आली की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. मग ट्रेबल वाढवला जातो. त्याने खरखर वाढते, चमक येत नाही, कारण ती ॲम्पपर्यंत पोचलेलीच नसते.

साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. पिकअपची (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाची) कॉइल आणि ही कपॅसिटन्स मिळून रेझोनन्सचं एक शिखर तयार होतं आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने घसरतं. २.५ हेन्रीचा सिंगल कॉइल पिकअप आणि ५ मीटर केबल धरली तर शिखर ४.५ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. केबल १५ मीटर केली की ते २.६ वर उतरतं. तारेवर पिक लागल्याचा टणत्कार नेमका या दोन आकड्यांच्या मधे राहतो.

हेड (ॲम्पचा नॉबवाला भाग) आणि कॅब (स्पीकरची पेटी) वेगळे असतील तर फार विचार करू नका: हेड तुमच्याजवळ, कॅब पलीकडे. नॉब हाताशी, गिटार केबल तीन मीटरची, आणि लांब असते ती फक्त स्पीकर केबल. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची दोन तारांची केबल घ्या. १० मीटर अंतराला जाऊन-येऊन रोध ०.१५ ओहमच्या आत राहतो. ८ ओहमच्या कॅबवर पाव डेसिबलही जात नाही.

इथे गिटार केबल वापरण्याचा मोह होतो, कारण जॅक तोच असतो. वापरू नका. तिची आतली तार बारीक असते, तापते. भिंतीत आधीच असलेल्या माइकच्या मल्टिकोरमधूनही (अनेक बारीक तारा एकत्र असलेल्या केबलमधूनही) स्पीकर चालवू नका: २४ गेजची तार १० मीटरला जाऊन-येऊन सुमारे १.७ ओहम खाते. जोड भक्कमच हवा, कारण ट्यूब ॲम्प चालू असताना कॅब सुटला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. भिंतीवरच्या प्लेटला म्हणूनच स्पीकॉन हा स्पीकर-कनेक्टर बसवा. तो फिरवून लॉक होतो, पायात अडकून निघत नाही.

कॉम्बोमधला (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) स्पीकर जॅकने जोडलेला असेल, तर तो काढून बाहेरचा कॅब लावता येतो. ओहम मात्र जुळले पाहिजेत.

तसं नसेल तर गिटारचा सिग्नलच पलीकडे न्यावा लागतो, आणि त्याला आधी बफर हवा, म्हणजे लांब केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारं सर्किट: इनपुट १ मेगाओहम, आउटपुट १ किलोओहमच्या आत. मग २० मीटर साधी केबलही ट्रेबल खात नाही. जर्मेनियम फझ (आवाज फाटका करणारा पेडल) मात्र बफरच्या आधी. त्याला थेट पिकअप लागतो, नाहीतर तो कर्कश होतो.

अंतर त्याहून जास्त असेल किंवा वाटेत वीजवाहिन्या असतील, तर बॅलन्स्ड लाइन करा, म्हणजे दोन तारांवरून उलटसुलट सिग्नल नेऊन वाटेतला गोंगाट रद्द करणारी जोडणी: ॲक्टिव्ह डीआय (गिटारचा सिग्नल बॅलन्स्ड करणारा डबा), मग पातळी वाढवणारा प्रीॲम्प, तिथून माइकची एक्सएलआर केबल, पलीकडे रिअँप बॉक्स (सिग्नल पुन्हा गिटारसारखा करणारा डबा), आणि तिथून ॲम्पपर्यंत एक-दोन मीटर. प्रीॲम्प गाळला की आवाज मरगळतो. डीआय माइकच्या पातळीचा सिग्नल देतो आणि बहुतेक रिअँप बॉक्सना लाइनची पातळी लागते. शेवटी छोट्या केबलने थेट वाजवून पाहा आणि रिअँपचा नॉब दोन्हीकडे ड्राइव्ह (आवाजाचा फाटकेपणा) सारखा येईपर्यंत फिरवा.

गुणगुण आली तर डीआय किंवा रिअँपवरची ग्राउंड लिफ्ट (सिग्नलचं ग्राउंड तोडणारं बटण) वापरा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, त्याने जीव जाऊ शकतो. सिग्नलची केबल विजेच्या तारेशी समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

एक गोष्ट मात्र यातली कुठलीच केबल नेत नाही. समोर घुमणारा स्पीकर गिटारच्या तारा हलवतो आणि सूर लांबतो. भिंत मधे आली की ते थांबतं. फीडबॅकवर झुलणारा सूर हवा असेल, तर तेवढ्या तुकड्यापुरतं कानाला संरक्षण लावून ॲम्पच्या खोलीत जाऊनच वाजवा.