अडखळतो, पण शब्द बदलत नाही

'क' माझ्या घशात अडकतो. म्हणून कर्वे पुतळ्याला उतरायचं असलं तरी कंडक्टरकडे वारज्याचं तिकीट मागायचो. कँटीनमध्ये कॉफीची तल्लफ असली तरी चहा. फोनपेक्षा मेसेज बरा. सगळ्यांचा समज, हा मुळात अबोल. अबोल कसला, मी एक नंबरचा बडबड्या आहे!

लहानपणी वेखंड उगाळून झालं, "सावकाश बोल रे" हे तर रोजचंच. नोकरी लागल्यावर स्वतःहून स्पीच थेरपिस्टकडे गेलो. वाटलं, बाई अडखळणं घालवतील. त्यांनी आधी वही काढायला लावली: अडखळणं लपवायला काय काय करतोस ते लिही. जोसेफ शीहान नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः अडखळणारे. ते याला हिमनग म्हणायचे. लोकांना ऐकू येतं ते वरचं टोक, बाकी लाज आणि पळवाटा पाण्याखाली. माझी यादी पानभर झाली. तिकीट, कॉफी, फोन, आणि ज्याला पर्यायी शब्दच नाही ते स्वतःचं नाव.

मग सुरू झालं मुद्दाम अडखळणं. हे मला शुद्ध वेडेपणा वाटलं होतं. 'म' माझा कधीच अडत नाही, तरी भाजीवाल्या मावशींसमोर "म-म-मेथी" म्हणायचं, नजर खाली न घालता. कान तापले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "एक जुडी देऊ का दोन?" बस, एवढंच! आपण होऊन अडखळलं की भीतीला धरायला काही उरत नाही, हे बाईंनी सांगून पटलं नव्हतं, मेथी घेताना पटलं.

खरोखर अडलो तर करायचं ते वेगळं. शब्द कसाबसा ढकलून पुढे पळायचं नाही. तो पुरा करून थांबायचं, घशातला ताण सैल सोडायचा आणि तोच शब्द पुन्हा, हलकेच म्हणायचा. ही पद्धत चार्ल्स व्हॅन रायपर यांची, तेही अडखळायचे.

फोनने मात्र घाम काढला. गप्प राहिलो की पलीकडून "हॅलो, आवाज येत नाहीये" आणि कट. आता सुरुवातीलाच सांगतो, "मी अडखळतो, जरा थांबा." एका हेल्पलाइनवरच्या मुलाने तरी ठेवलाच. पुन्हा लावला.

मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण अडखळतो म्हणे, त्यातही पुरुष जास्त. आमच्या एवढ्या मोठ्या ऑफिसात मला दुसरा कोणी सापडलेला नाही. बहुधा तोही चहाच घेत असावा.

अडखळणं गेलेलं नाही. दमलो असलो, समोर साहेब असले की वाढतंच. साहेबांना माझी वाक्यं पुरी करायची भारी हौस. परवा मीटिंगमध्ये म्हटलं, "थांबा सर, मलाच स-स-सांगू द्या." त्यांनी पुढे केलेला शब्द भलताच होता.