जेली बॉलऐवजी सब्जा

"मॅडम, पोरगी कशाला हातच लावत नाही हो. भाताचं शीत बोटाला लागलं तरी रडून घर डोक्यावर घेते," आजींनी दारातच सांगितलं. मुलगी बावीस महिन्यांची. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे खेळ आणि रोजच्या कामांतून उपचार करणारी. अशा तक्रारीसाठी मी शक्यतो घरीच जाते. मूल ज्या फरशीवर बसतं, ज्या भांड्यांचा आवाज ओळखतं, तिथेच खेळ मांडलेला बरा.

ओट्यावर काचेच्या बाऊलमध्ये लाल-निळे जेली बॉल, म्हणजे पाण्यात फुगणारे मणी, भिजत होते. आईनं ते सेन्सरी प्लेसाठी, म्हणजे स्पर्शाच्या खेळासाठी, मुद्दाम मागवलेले. खेळाला बसण्याआधी मी ते घराबाहेर काढायला लावले. कोरडा मणी अगदी बारीक, घरंगळला की सापडत नाही. मुलानं गिळला तर आतड्यात पाणी शोषून फुगतच राहतो. आतडं तुंबतं, उलट्या सुरू होतात आणि साध्या एक्स-रेत मणी सहसा दिसत नाही. पाकिटावर ‘बिनविषारी’ छापलेलं असतं, पण धोका विषाचा नाहीच, फुगण्याचा आहे. सोफा सरकवून झाडलं तर खालून आणखी मणी निघाले. आई गप्पच झाली.

मग जुन्या चादरीवर परात ठेवली. परातीत दोन वाट्या जाड रवा, भाजून पूर्ण गार केलेला. भाजल्यानं दमटपणा जातो, रवा बोटांना चिकटत नाही. गव्हाचं पीठ उडून नाकात जातं. रांगोळी तर नकोच, ती दगडाची भुकटी. शेंगदाणे, हरभरे, वाटाणे या वयात घशात अडकतात, नाहीतर नाकात जातात. कच्चा राजमा पोटात गेला तर बाधतो. परातीत फक्त एक चमचा आणि एक रिकामी वाटी ठेवली. दहा वस्तू मांडल्या की मूल कशातच रमत नाही.

तिचा हात धरून रव्यात घालायचा नाही, हे आजींना दोनदा सांगावं लागलं. मी नुसती चमच्यानं रवा वरून सोडत राहिले. स्टीलवर तो सरसर वाजतो. थोड्या वेळानं तिनं चमचा ओढून घेतला, वाटी भरली आणि सगळी चादरीवर ओतली. आई केरसुणी घ्यायला उठली, तिला बसवलं. भरणं आणि ओतणं, या वयात खेळ तोच. शेवटी चादरीची चार टोकं उचलली की पसारा आवरतो.

पुढचा टप्पा ओला. एक छोटा चमचा सब्जा कपभर पाण्यात वीस मिनिटं पूर्ण फुगवला. फुगलेलं बी बुळबुळीत लागतं, जेली बॉलसारखंच, आणि थोडं तोंडात गेलं तरी चालतं. कोरडं किंवा अर्धवट भिजलेलं मात्र द्यायचं नाही, घशात फुगू शकतं. आधी ते झिपच्या पिशवीत भरलं, हवा काढली, तोंडाला रुंद चिकटपट्टी लावली. मुलगी ती पिशवी बाहेरून दाबत राहिली. त्यानंतर उघड्या वाटीत ठेवलं आणि शेजारी, तिचा हात पोहोचेल असा, ओला नॅपकिन.

खरी किल्ली त्या नॅपकिनची. एक बोट बुडवलं, लगेच पुसलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा पुसलं. हवं तेव्हा पुसता येतं हे कळल्यावर बोट वाटीत जास्त वेळ राहू लागलं.

"शिवली की गं बाय माझी!" आजी म्हणाल्या आणि तिचा पंजाच वाटीत घालायला पुढे झाल्या. मी त्यांना थांबवलं, खेळही तिथेच थांबवला. मूल खूश असतानाच आवरावं. रडल्यावर आवरलं तर उद्या ते परात बघूनच पळतं.

घरच्यांना सांगितलं ते इतकंच: रोज पाच-सात मिनिटं, भुकेच्या किंवा झोपेच्या वेळी नाही. सब्जा त्याच दिवशी टाकून द्यायचा. पाण्याचा खेळ असेल तर घमेल्यात दोन बोटं पाणी असलं तरी जागचं उठायचं नाही. मोजकेच पदार्थ खात असेल, नवा घास दिसताच उमासे येत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

निघताना आजींनी विचारलं, "कणीक मळताना शेजारी बसवू का हिला?"

जरूर बसवा. गोळा आधी कोरड्या पिठात घोळवून द्या, म्हणजे चिकटणार नाही. आणि घरच्या क्लेसाठी कणकेत वाटीनं मीठ घालतात तसं घालू नका. ती अजून सगळं चाटून बघते, आणि एवढं मीठ तिच्या पोटात जाता कामा नये.