फोनचे नियम वापरणाऱ्याच्या हाती: अ‍ॅस्टरिस्क प्रकल्पाची प्रगती

इंटरनेटवरून चालणारी आमची छोटी दूरध्वनी सेवा आता अशा टप्प्यावर आली आहे की, ती वापरणारी मंडळी आपापल्या कॉलचे नियम स्वतः ठरवू शकतात. आतापर्यंत कुणाला कॉल वळवायचा असला, नवा फोन जोडायचा असला किंवा रात्री घंटा बंद ठेवायची असली, की निरोप माझ्याकडे येत असे आणि मी सर्व्हरवर जाऊन डायलप्लॅनमधली, म्हणजे कॉल आल्यावर काय करायचे हे सांगणाऱ्या यादीतली, ओळ बदलत असे. मोजक्या एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे अंतर्गत क्रमांकांसाठी, ही पद्धत चालून जाते, पण आपल्या फोनची घंटा कधी वाजावी एवढे ठरवण्यासाठीही माणसाला दुसऱ्याची वाट पाहावी लागते, हे मला कधीच पटले नव्हते. १९९९ साली मार्क स्पेन्सर यांनी अ‍ॅस्टरिस्क हे एक्स्चेंज चालवणारे सॉफ्टवेअर (आमची सेवाही त्यावरच चालते) लिहायला घेतले, तेव्हापासून टेलिफोन एक्स्चेंज ही कुणाही हौशी माणसाला स्वतःच्या संगणकावर चालवता येण्याजोगी गोष्ट झाली. त्या एक्स्चेंजचा ताबा आता चालवणाऱ्यापुरता न ठेवता वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवणे, हा या टप्प्याचा उद्देश आहे.

पायाभूत मांडणी साधी आहे. एसआयपीची, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या नियमावलीची, बाजू अ‍ॅस्टरिस्कचे पीजेसिप मॉड्यूल सांभाळते. जुने चॅन-सिप मॉड्यूल २०२३ साली आलेल्या २१व्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले, त्यामुळे ज्यांचा सेटअप अजून त्यावर आहे त्यांनी असे काही उभारण्यापूर्वी स्थलांतर उरकून घ्यावे. पीजेसिपमध्ये एंडपॉइंट (म्हणजे जोडलेला फोन), त्याचा पत्ता आणि लॉगिनची माहिती या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या जातात आणि रिअलटाइम पद्धतीत त्या फायलींऐवजी डेटाबेसच्या तक्त्यांतून वाचल्या जातात. वेब पानाने तक्त्यात एक ओळ घातली, की नव्या फोनची पहिली नोंदणी येताच अ‍ॅस्टरिस्क ती ओळ शोधून काढते. त्यासाठी काहीही रीलोड करावे लागत नाही आणि चालू कॉलना धक्का लागत नाही.

उपकरणांच्या बाबतीत एक निर्णय मुद्दाम वेगळा घेतला आहे. एकाच लॉगिनवर अनेक फोन नोंदवण्याची सोय पीजेसिपमध्ये असतानाही, प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र एंडपॉइंट आणि स्वतंत्र पासवर्ड दिला आहे. एक्स्टेन्शन १०१ ही व्यक्ती असते आणि तिच्याखाली मोबाइलवरचा सॉफ्टफोन (फोनचे काम करणारे अ‍ॅप), टेबलावरचा फोन आणि लॅपटॉप अशी तीन वेगळी नावे असतात. मोबाइल हरवला तर त्याच्यापुढचे बटण दाबून तेवढाच बाद करता येतो आणि बाकीचे फोन चालू राहतात. पासवर्ड वापरणाऱ्याला निवडू न देता सर्व्हरच तयार करतो, एकदाच दाखवतो आणि त्याचा फक्त हॅश, म्हणजे ज्यातून मूळ पासवर्ड सहज काढता येत नाही असे गणिती रूप, साठवतो, कारण नोंदणीच्या वेळी सर्व्हरने ४०१ (‘आधी ओळख पटवा’) हे उत्तर पाठवून मागितलेला पुरावा तपासायला तेवढे पुरते. अर्थात हा हॅश चोरीला गेला तर त्या सर्व्हरपुरता तो पासवर्डइतकाच उपयोगी पडतो, तेव्हा डेटाबेसची राखण ढिली ठेवून चालत नाही. लिनफोनसारख्या सॉफ्टफोनमध्ये क्यूआर कोड वाचून सगळी माहिती भरता येते, म्हणून पानावर थोडा वेळच चालणारा कोड दाखवला जातो. पत्ता, पोर्ट, पासवर्ड हे सारे हाताने भरण्यात लोकांची जी दमछाक होत असे, ती यामुळे जवळजवळ संपली आहे.

खरा विचार करावा लागला तो नियमांच्या भाषेचा. वापरणाऱ्याला किती मोकळीक द्यायची हा प्रश्न नवा नाही. एसआयपीचे आजचे मुख्य मानक असलेले आरएफसी ३२६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) जून २००२ मध्ये आले आणि लोकांना सर्व्हरवर आपले नियम स्वतः चढवता यावेत यासाठी तयार झालेली कॉल प्रोसेसिंग लँग्वेज, म्हणजे सीपीएल, २००४ साली आरएफसी ३८८० म्हणून प्रसिद्ध झाली. जोनाथन लेनॉक्स, शियाओताओ वू आणि हेनिंग शुल्झरिन हे तिचे लेखक आहेत. ही एक्सएमएलमधली भाषा आज क्वचितच कुणी थेट वापरत असेल, पण तिच्यामागचा विचार प्रत्येक हौशी माणसाने मुळातून वाचावा असा आहे. तिच्यात लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करण्याची सोय) नाही, बाहेरचा प्रोग्राम चालवण्याची सोय नाही, आणि एखादा उपभाग वापरायचा तर तो आधीच लिहिलेला असावा लागतो. त्यामुळे स्वतःलाच परत बोलावणारा नियम लिहिताच येत नाही, आणि अनोळखी माणसाने लिहिलेला कोणताही नियम कधी ना कधी संपतोच, याची खात्री भाषेच्या घडणीतूनच मिळते. सर्व्हर चालवणाऱ्याला निर्धास्त राहायचे असेल तर नियम तपासत बसण्यापेक्षा नियमांची भाषाच लहान ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे ठाम मत त्यावरून बनले.

आमची मांडणी सीपीएलहूनही लहान आहे. प्रत्येकाच्या पानावर नियमांचा एक तक्ता असतो आणि प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी असतात: कॉल कुणाचा, तो कधी आला, आणि मग काय करायचे. ओळी वरून खाली पाहिल्या जातात आणि जी पहिली लागू पडते तीच चालते. शेवटची ओळ सर्वांसाठी असते आणि ती पुसता येत नाही, त्यामुळे कोणताही कॉल उत्तराविना लटकत नाही. आमच्यातली एक मैत्रीण रुग्णालयात रात्रपाळी करते आणि सकाळी ९ ते दुपारी ४ झोपते. तिची पहिली ओळ अशी आहे की, आईचा कॉल कधीही आला तरी सर्व फोन वाजावेत. दुसरी ओळ रुग्णालयाच्या क्रमांकांसाठी आहे: झोपेच्या वेळेत फक्त टेबलावरचा फोन २० सेकंद वाजावा आणि नंतर कॉल व्हॉइसमेलला जावा. तिसऱ्या ओळीप्रमाणे त्या वेळेतले बाकीचे सगळे कॉल घंटा न वाजता थेट व्हॉइसमेलला जातात. तिने हे तीन नियम मला एक अक्षरही न विचारता लिहिले, आणि ते पाहून मला फार समाधान वाटले.

वेळेच्या बाबतीत मात्र पुष्कळ खोलात शिरावे लागले. ‘सोमवारी रात्री १० ते सकाळी ६’ असे माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सोमवारची रात्र असते आणि तिच्यात मंगळवारची पहाटही येते. घड्याळ आणि वार वेगवेगळे तपासणाऱ्या नियमाला मात्र मंगळवारी पहाटे ३ वाजता सोमवार उलटून गेलेला असतो, आणि उलट सोमवारच्या पहाटे, म्हणजे रविवारच्या रात्रीच्या शेवटी, तो लागू पडतो. अ‍ॅस्टरिस्कमधली तयार वेळ-तपासणी वार वेगळा पाहते, म्हणून मध्यरात्र ओलांडणारी प्रत्येक मुदत साठवतानाच दोन तुकड्यांत मोडली जाते आणि दुसऱ्या तुकड्याचा वार एकाने पुढे ढकलला जातो. पानावर माणसाला त्याने लिहिलेली मूळ ओळच दिसते. त्याचबरोबर प्रत्येकाचा टाइम झोन नावाने साठवला आहे, तासांच्या फरकाने नव्हे, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या भागात तो फरक वर्षातून दोनदा बदलतो आणि नियम गुपचूप तासभर सरकतो.

एका माणसाचे नियम संपतात याची खात्री झाली, तरी दोघांचे नियम एकमेकांत अडकू शकतात. १०१ने आपले कॉल १०२कडे वळवले आणि १०२ने ते १०१कडे वळवले, तर दोन्ही तक्ते आपापल्या जागी निर्दोष असूनही कॉल फिरत राहतो. एसआयपीमध्ये अशा भटकंतीला आळा घालण्यासाठी संदेशात मॅक्स-फॉरवर्ड्स हे शीर्षक, म्हणजे माहितीची एक ओळ, असते. त्याची सुचवलेली सुरुवातीची किंमत ७० असून प्रत्येक टप्प्यावर ती एकाने कमी होते आणि शून्यावर आली की ४८३ (‘फार टप्पे झाले’) हे उत्तर मिळते. पण अ‍ॅस्टरिस्क कॉल नुसता पुढे ढकलत नाही, ते समोरच्या बाजूला नवा कॉल उभा करते, म्हणून या शीर्षकावर विसंबून राहता येत नाही. आम्ही डायलप्लॅनमध्ये दोन अधोरेखांनी सुरू होणारे चल (व्हेरिएबल) वापरले आहे. असे चल पुढे निर्माण होणाऱ्या प्रत्येक चॅनेलकडे, म्हणजे कॉलच्या प्रत्येक नव्या जोडणीकडे, वारशाने जाते, त्यामुळे कॉल आतापर्यंत कुणाकुणाकडे जाऊन आला याची यादी कॉलबरोबरच फिरते. यादीतले नाव पुन्हा आले, की वळवणे थांबते आणि कॉल त्या व्यक्तीच्या व्हॉइसमेलमध्ये जातो. नियम साठवतानाही असा फेरा शोधला जातो, पण तिथे फक्त इशारा दिला जातो, मनाई केली जात नाही. दोघांचे नियम वेगवेगळ्या वेळांचे असतील तर ते एकमेकांना कधी भेटतच नाहीत, आणि अशा रास्त मांडणीला नकार देणे अन्यायाचे ठरेल.

सुरक्षेचा मुद्दा इथेच येतो. वापरणाऱ्याने लिहिलेला कोणताही मजकूर डायलप्लॅनमध्ये थेट उतरत नाही. सर्वांसाठी डायलप्लॅनचा एकच लहान भाग आहे, तो फास्ट-एजीआय या बाहेरच्या प्रोग्रामशी बोलण्याच्या सोयीमार्फत आमच्या प्रोग्रामला विचारतो आणि प्रोग्राम ठरावीक चार-पाच कृतींपैकी एक सांगतो. याचे कारण असे की, डायल या कृतीत ‘&’ हे चिन्ह दोन ठिकाणी एकाच वेळी घंटा वाजवण्यासाठी असते. डायल केलेला क्रमांक न गाळता तसाच वापरला, तर कुणी त्यात हे चिन्ह घुसवून भलत्याच वाटेने बाहेर कॉल लावू शकतो. क्रमांकात फक्त ० ते ९ हे अंक ठेवणारे फिल्टर फंक्शन अ‍ॅस्टरिस्कमध्येच आहे आणि ते प्रत्येक ठिकाणी लावले आहे.

मला या पानावरचा सर्वांत उपयुक्त भाग कोणता वाटतो, असे कुणी विचारले तर मी ‘आत्ता कॉल आला तर’ या चौकटीकडे बोट दाखवीन. तिथे कॉल करणाऱ्याचे नाव आणि वेळ निवडली, की साध्या वाक्यात उत्तर मिळते: ‘आईचा कॉल मंगळवारी दुपारी २ वाजता आला, तर पहिल्या नियमाप्रमाणे तिन्ही फोन वाजतील.’ हे वाक्य तयार करणारा कोड आणि प्रत्यक्ष कॉल हाताळणारा कोड एकच आहे. दोन वेगळे कोड लिहिले असते, तर कधीतरी पान एक सांगेल आणि घंटा दुसरीच वाजेल. नियम साठवण्याआधी त्याचा परिणाम वाचता येतो म्हणून लोक निर्भयपणे बदल करतात, हे मी गेल्या काही आठवड्यांत जवळून पाहिले आहे.

ज्यांना पान उघडायचे नसते त्यांच्यासाठी कीपॅडवरचे संकेतही ठेवले आहेत. जीएसएम मोबाइलमध्ये २१ म्हणजे सर्व कॉल वळवणे, ६७ म्हणजे फोन व्यग्र असताना, ६१ म्हणजे उचलला नाही तर आणि ६२ म्हणजे संपर्क होत नसेल तर, हे अंक अनेकांच्या बोटांना ठाऊक असतात, म्हणून तेच घेतले. अ‍ॅस्टरिस्ककडून डायलनंतर मिळणाऱ्या स्थितींशीही ते चांगले जुळतात. फक्त ६२च्या बाबतीत सावध राहावे लागते, कारण झोपी गेलेल्या मोबाइलवरचा सॉफ्टफोन नोंदवलेला दिसतो, पण उत्तर देत नाही. ठरावीक अंतराने ऑप्शन्स संदेश पाठवून तो जागा आहे का हे तपासण्याची सोय चालू केल्यावर ‘उचलला नाही’ आणि ‘संपर्क नाही’ यांतला फरक बराच स्पष्ट झाला.

आवाजाच्या बाबतीत मी वापरणाऱ्याला जवळजवळ काहीच निवडायला दिलेले नाही. एसएनग्रेप हे एसआयपी संदेश दाखवणारे साधन उघडून एखादा इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा संदेश, पाहिला, तर त्यातल्या एसडीपीच्या, म्हणजे आवाज कुठे पाठवायचा हे सांगणाऱ्या भागाच्या, ‘सी’ने सुरू होणाऱ्या ओळीत पुष्कळदा १९२.१६८ने सुरू होणारा, राउटरच्या आतला पत्ता दिसतो. सर्व्हरने त्या पत्त्यावर आवाज पाठवला तर तो कुठेच पोहोचत नाही आणि एका बाजूलाच ऐकू येते. सिमेट्रिक आरटीपी, फोर्स-आरपोर्ट आणि रीराइट-कॉन्टॅक्ट हे तीन पर्याय सर्वांसाठी चालू आणि डायरेक्ट मीडिया (फोनांनी सर्व्हरला वगळून एकमेकांना आवाज पाठवणे) सर्वांसाठी बंद ठेवले, की आवाज ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. हे पर्याय पानावर मांडले असते तर त्यांचा अर्थ कुणालाही लागला नसता. राउटरमधली एसआयपी एएलजी ही सोय संदेशांत ढवळाढवळ करते, म्हणून सर्व फोन टीएलएस या कूटबद्ध जोडणीवरून ५०६१ या पोर्टला जोडले जातात. निवड आहे ती एवढीच: ‘डेटा वाचवा’ किंवा ‘नेहमीचा आवाज’. नेहमीच्या जी.७११ या आवाजाचा डेटा बनवण्याच्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ६४ किलोबिट असतात, पण दर २० मिलिसेकंदांच्या १६० बाइटला ४० बाइटची शीर्षके जोडली जात असल्याने प्रत्येक दिशेला सेकंदाला ८० किलोबिट लागतात. ओपस ही दुसरी पद्धत त्याहून पुष्कळ कमी जागेत भागवते.

काही गोष्टी वापरणाऱ्याच्या हाती नाहीत आणि नसाव्यात. समोरच्याला दिसणारा क्रमांक फक्त पडताळलेल्या क्रमांकांतूनच निवडता येतो. बाहेरच्या महागड्या ठिकाणांचे कॉल मुळात बंद आहेत, कारण सताड उघडे एसआयपी सर्व्हर शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात आणि चोरलेल्या एका पासवर्डावर रातोरात मोठे बिल चढू शकते. आणीबाणीच्या क्रमांकाला तर कोणताही नियम लागूच होत नाही. तो प्रोग्रामला न विचारता डायलप्लॅनमधून थेट बाहेर जातो, म्हणजे आमचा प्रोग्राम बंद पडला तरी तो लागतो. इंटरनेट फोनवरून असा कॉल गेल्यास समोरच्याला आपले ठिकाण आपोआप कळेलच असे नाही, ही सूचना पानाच्या वरच्या भागात ठळकपणे लिहिली आहे.

पुढचे काम गटांचे आहे. एका कुटुंबातल्या तीन एक्स्टेन्शननी मिळून एक सामाईक क्रमांक चालवावा आणि त्याचे नियम कुणी बदलायचे हेही त्यांनीच ठरवावे, अशी मागणी आली आहे. त्यासाठी तक्त्यातल्या ‘मग काय करायचे’ या रकान्यात गट हा एक नवा पर्याय यावा लागेल आणि फेरा शोधणाऱ्या तपासणीला गटातल्या प्रत्येक सदस्याच्या नियमांतून जावे लागेल. हा भाग मी सध्या एसआयपीपी या साधनाने कृत्रिम कॉल पाठवून तपासतो आहे. ज्यांनी फ्रीस्विच किंवा कमैलिओ या दूरध्वनी सेवेच्या इतर सर्व्हर सॉफ्टवेअरवर अशी सामाईक मालकी उभारली असेल, त्यांनी नियम बदलण्याचा अधिकार कुठे साठवला हे सांगितले तर मला फार मदत होईल.