गच्चीवरचा गावरान घेवडा आणि दोडका : बियाणे-जतनाची या हंगामाची नोंद

ज्येष्ठाच्या अखेरीस पेरलेल्या घेवड्याच्या शेंगा फेब्रुवारीअखेर पूर्णपणे वाळून उतरल्या आणि दोडक्याचे बी त्याआधीच बरणीत गेले, म्हणून या हंगामाची नोंद आता एकत्र मांडत आहे. पुण्यातील गच्ची, दुपारपर्यंत ऊन, पंधरा ते वीस लिटरच्या पिशव्या, कोकोपीट आणि घरचे कंपोस्ट ही पार्श्वभूमी नेहमीचीच आहे. घेवड्याचे मूळ बियाणे अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकरी कुटुंबाकडून आलेले आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ या ग्रामीण विकासाचे काम करणाऱ्या संस्थेच्या साहाय्याने उभ्या केलेल्या बीज-बँकेमुळे या तालुक्यातील गावरान वाणांकडे महाराष्ट्राचे लक्ष गेले आणि 2020 च्या पद्मश्रींमध्ये त्यांचे नाव आले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. माझ्याकडे आलेले बी मात्र निवडलेले एकच वाण नसून मिश्र आहे : काळे, तांबूस, मळकट पांढरे, काही वेलींची फुले जांभळी, काहींची पांढरी, काहींच्या देठांवर जांभळी झाक, काही निखळ हिरवे. हे मिश्रण जसे आले तसेच पुढे जावे, एवढेच या उद्योगाचे उद्दिष्ट आहे.

येथेच भाजीची बाग आणि बियाण्याचे जतन यांच्या वाटा वेगळ्या होतात. भाजीसाठी लावणारा माणूस सर्वांत चांगल्या वेलीचे बी ठेवतो आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. जतन करणाऱ्याने तसे केले, तर चार-पाच पिढ्यांत त्याच्या हाती गावरान वाणाऐवजी स्वतःच्या गच्चीला मानवलेली एक नवी, अरुंद निवड उरते. गावरान वाण म्हणजे एक झाड नव्हे, तर आतून भिन्न असलेल्या झाडांचा समूह आहे. दुष्काळाच्या वर्षी त्यातील काही तगतात, अतिवृष्टीच्या वर्षी दुसरे काही तगतात आणि ही भिन्नता हीच त्याची खरी किंमत आहे.

तिची गळती किती वेगाने होते, याचा हिशेब सोपा आहे. समूहात एखाद्या जनुकाचे एखादे विरळ रूप शंभरात पाच या प्रमाणात आहे असे समजू. घेवडा बहुतांशी स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारा, असल्यामुळे त्याची प्रत्येक वेल त्या जनुकापुरती जवळजवळ एकाच प्रतीसारखी धरावी लागते. दोडक्यासारख्या परपरागित, म्हणजे दुसऱ्या वेलीचा पराग घेणाऱ्या, पिकात प्रत्येक वेलीत दोन स्वतंत्र प्रती धरता येतात. म्हणजे घेवड्याच्या बारा वेली लावल्या काय किंवा दोडक्याच्या सहा लावल्या काय, ते रूप त्या पिढीत एकाही वेलीत नसण्याची शक्यता सारखीच, म्हणजे सुमारे 54 टक्के येते. ती पाच टक्क्यांच्या खाली आणायची तर घेवड्याच्या साठ किंवा दोडक्याच्या तीस वेली हव्यात. माझ्या गच्चीवर ते शक्य नाही आणि बहुतेकांच्या गच्चीवर नसावे. म्हणून मी आता या निष्कर्षावर आलो आहे की घरी जतन करणाऱ्यासाठी प्रत्येक लागवड ही जोखीम आहे आणि खरे जतन बरणीत होते. दरवर्षी हौसेने पेरून दरवर्षी नवे बी धरणाऱ्यापेक्षा, मूळ बी उत्तम वाळवून पाच-सहा वर्षांतून एकदा पेरणारा त्या वाणाशी अधिक प्रामाणिक राहतो. (हौसेचे काय करायचे, हा प्रश्न अर्थातच उरतो, त्यासाठी मी मूळ थैलीला हात न लावता वेगळी खाण्याची पिशवी ठेवली आहे.)

या वर्षी मूळ थैलीतून रंगांच्या प्रमाणात, परंतु डोळे मिटून उचललेले बी लावले. टपोरे बी वेचून लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. टपोरेपणा हाही एक गुण असल्यामुळे ती निवडच ठरते. भिजवल्यावर काही बी फुगले नाही. ते मेलेले समजून टाकू नये, कारण घेवड्याच्या काही जुन्या वाणांत बियांचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही. डोळ्याच्या विरुद्ध बाजूस नखकातरीने किंचित टवका काढून पुन्हा भिजवल्यावर त्यातील बहुतेक बी रुजले. जे लवकर फुगते तेच लावत गेलो असतो, तर कठीण कवचाचा गुण पहिल्याच पायरीवर गळाला असता.

फुलोऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. गावरान घेवडा दिवस लहान होऊ लागल्यावर फुलतो. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास तुरे दिसू लागतात आणि त्याआधी कितीही खत घातले तरी वेल केवळ वाढत राहते. गच्चीच्या ज्या कोपऱ्यावर इमारतीचा दिवा रात्रभर पडतो, त्या कोपऱ्यातील वेली इतरांच्या बऱ्याच मागून फुलल्या. रात्रीच्या प्रकाशाने लहान दिवसांच्या पिकांचा फुलोरा लांबतो हे माहीत असल्यामुळे डिसेंबरपासून त्या पिशव्यांवर संध्याकाळी जाड काळे कापड टाकले. परंतु दिवा नसलेल्या भागातही पहिल्या आणि शेवटच्या वेलीच्या फुलोऱ्यात मोठे अंतर होते आणि ते या मिश्रणाचे स्वतःचे आहे. पहिल्या शेंगा वाळताच बी धरून मोकळे झाले, तर उशिरा फुलणारा सगळा गट पिढीतून बाहेर पडतो. बियाण्याची उतरणी फेब्रुवारीअखेरपर्यंत लांबवली ती याचसाठी.

घेवड्यात परागकोश फूल उमलण्यापूर्वीच फुटतात, त्यामुळे तो बहुधा स्वतःच्याच परागाने फळतो. तथापि मोठे काळे भुंगे फुलावर बसून पाकळ्या दाबतात तेव्हा काही प्रमाणात परपरागण होतेच. ते प्रमाण कमी ठेवण्यासाठी प्रत्येक वेलीच्या दोन-तीन तुऱ्यांवर मलमलच्या पिशव्या बांधल्या आणि बियाण्यासाठी केवळ त्याच शेंगा धरल्या. समूहातल्या समूहात थोडा संकर झाला तर बिघडत नाही, शेतातही तो होतच असतो; माझी भीती शेजारच्या गच्चीवरील बाजारी वाणाची आहे.

संकर ओळखण्याबाबत एक गोष्ट नव्याने या छंदात आलेल्यांनी ध्यानात ठेवावी. बियांचे कवच हे मातेच्या शरीराचा भाग असते, त्यामुळे पांढऱ्या बियांच्या वेलीवर परका पराग पडला तरी त्या शेंगेतील बी पांढरेच दिसते. बी पाहून काहीही कळत नाही. फुलाचा रंग मात्र पुढच्याच पिढीत सांगतो : जांभळा रंग पांढऱ्यावर प्रभावी असल्यामुळे, पांढऱ्या फुलांच्या वेलीपासून धरलेल्या बियांतून जांभळ्या फुलांची वेल उगवली, तर ती संकरित असण्याची शक्यता फार मोठी. मागील पिढीत वेलीगणिक वेगळ्या ठेवलेल्या पाकिटांतील काही बी तपासणीसाठी लावले होते. त्यात पांढऱ्या फुलांच्या एका पाकिटातून जांभळ्या फुलांची एक वेल निघाली. तिचा पराग गावरान जांभळ्या वेलीचा की बाहेरचा, हे रंगावरून ठरत नाही. तिचे बी निराळ्या पाकिटात, तसा शेरा मारून ठेवले आहे. एकत्रित थैलीत ते जाणार नाही.

दोडक्याची गोष्ट वेगळी, कारण तेथे मधमाश्या आणि पतंग यांना मोकळे सोडले तर परिसरातील कोणत्याही दोडक्याचा पराग येऊ शकतो. एकाच वेलीवर नर आणि मादी फुले निरनिराळी असतात आणि ती सायंकाळी उमलतात. (शेजारच्या घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात, हे आपल्या पथ्यावर पडते, परंतु त्यावर विसंबू नये, या दोघांचा संकर होऊ शकतो.) दुपारी तीन-चारच्या सुमारास त्या संध्याकाळी उमलणाऱ्या, पिवळा रंग दिसू लागलेल्या कळ्या हेरायच्या, नर आणि मादी अशा दोन्ही कळ्यांची तोंडे सुती दोऱ्याने हलकेच बांधायची, सायंकाळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या, पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर अलगद फिरवायचे आणि मादी फूल पुन्हा बांधून देठाला रंगीत दोरा व तारखेची चिठ्ठी लावायची. मादी कळीच्या मागे लहानसा दोडका आधीच दिसत असल्यामुळे ओळख पटवण्यात अडचण येत नाही.

पराग कोणाचा कोणाला द्यायचा, हे मी साखळीने ठरवतो : पहिल्या वेलीचा पराग दुसरीला, दुसरीचा तिसरीला, असे करत शेवटच्या वेलीचा पहिलीला. त्यामुळे प्रत्येक वेल एकदा माता आणि एकदा पिता होते. त्यानंतर प्रत्येक फळातून सारख्याच संख्येने बी मोजून एकत्र केले, की लावलेल्या वेली थोड्या असल्या तरी आनुवंशिकदृष्ट्या त्यांची परिणामकारक संख्या (भिन्नता टिकवण्याच्या दृष्टीने त्या जितक्या वेलींच्या तोडीच्या ठरतात ती संख्या) सिद्धांतानुसार जवळजवळ दुप्पट होते. एका दांडग्या वेलीने भरमसाट बी दिले म्हणून तिचा वाटा वाढू द्यायचा नाही, हा नियम मी घेवड्यालाही लावतो. बियाण्याचा दोडका वेलीवरच पूर्ण वाळून तपकिरी व्हावा लागतो. हलवल्यावर बी खुळखुळते आणि टोकाचे झाकण सुटते. झाकण सुटण्याआधी फळाला जुना मोजा घालून ठेवला तर बी खाली सांडत नाही.

मावा आणि शेंगा पोखरणारी अळी या वर्षीही होतीच. निंबोळी अर्क आणि हाताने वेचणे यांवर भागले.

साठवणुकीकडे आता अधिक लक्ष देत आहे. सर्वसाधारण नियम असा सांगितला जातो की बियांतील ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट होते आणि तापमान पाच अंशांनी उतरले की पुन्हा दुप्पट. ओलावा पाच ते चौदा टक्क्यांदरम्यान असताना हा नियम लागू धरतात. बारा टक्क्यांवरून आठवर आणले तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट. याचा अर्थ फ्रीजपेक्षा आधी कोरडेपणा महत्त्वाचा. सावलीत वाळवलेले बी मी ओलावा शोषून रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या खड्यांसह हवाबंद काचेच्या बरणीत, बियांच्या वजनाइतकेच जेल घालून ठेवतो. घेवड्याचा दाणा हातोडीने चेपला जाण्याऐवजी तडकून फुटला की तो पुरेसा वाळला असे समजतो. त्यानंतरच बरणी काही दिवस फ्रीजरमध्ये जाते, जेणेकरून शेंगेतच अंडी घालून आलेला कडधान्याचा भुंगेरा मरावा. ओले बी गोठवले तर भुंगेऱ्याबरोबर अंकुरही मरतो. आपल्या घरांतील राख, कडुलिंबाचा पाला आणि शेणाने सारवलेली कणगी ही रीत किडीपुरती उत्तम आहे, परंतु कोकणातील किंवा पुण्यातील पावसाळी दमट हवेत तिने ओलावा खाली राहत नाही. दिल्लीत 1976 पासून असलेल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्थेच्या बीजपेढीत दीर्घ मुदतीचे नमुने उणे 18 अंशांवर ठेवतात. घरचा फ्रीजर साधारण त्याच तापमानाचा असतो, फक्त त्याचे दार दिवसातून अनेकदा उघडते.

पुढील पावसाळ्यात मी घेवडा लावणार नाही. त्याऐवजी मूळ थैलीतील बी तीन-चार जणांत विभागून, प्रत्येकाने पंधरा वेली लावाव्यात आणि प्रत्येक वेलीचे वीस बी वेगळ्या पाकिटात परत पाठवावे, अशी योजना आहे. चौघांच्या मिळून साठ वेली झाल्या की वरचा हिशेब जुळतो. अशा देवाणघेवाणीला कायद्याची आडकाठी नाही, उलट 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा आणि वाटण्याचा हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. भाग घेणाऱ्यांनी आपल्या दोनशे मीटरच्या आत दुसरा घेवडा आहे का, रात्रीचा दिवा वेलींवर पडतो का आणि तुऱ्यांना पिशव्या बांधण्यास वेळ आहे का, एवढे आधी कळवावे. पाकिटावर वेलीचा क्रमांक, फुलाचा रंग, पहिल्या फुलाची तारीख आणि उतरणीची तारीख असावी. चव, उत्पन्न आणि आवडनिवड यांची नोंद स्वतंत्र वहीत करावी, ती बियाण्याच्या निवडीत येऊ नये.